लव्हायनाचा नवरा

१० जून १८४४, न्यू कॉरिंथ, इलिनॉय

आज न्याहारीला बसल्या बसल्या लव्हायनाला सांगून टाकलं, मी पुन्हा निवडणुकीला उभा राहतोय. तिने मक्याचा पाव माझ्या ताटात ठेवला, हात पुसले आणि समोर बसली. ती समोर बसली की मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यासारखं होतं.

"दोनदा पडलात," ती म्हणाली.

"निसटता पराभव होता."

"दुसऱ्या खेपेला तर तुमच्या पुतण्यानेसुद्धा मत दिलं नाही. ते जाऊ दे. या वेळी पडलात तर राजकारण बंद, वकिलीची पाटी काढायची आणि व्हिन्सेन्स गावी माझ्या भावाकडे जायचं. कबूल?"

तिच्या भावाचा, जेरेडचा, कातडी कमावण्याचा कारखाना आहे. माणूस सज्जन आहे, पण तो आमच्याकडे राहायला आला की आमचं कुत्रं शेजाऱ्यांकडे जाऊन झोपतं. मी छातीवर हात ठेवून कबूल म्हटलं. पडण्याचा प्रश्नच येत नाही. स्प्रिंगफील्डच्या विधिमंडळात माझी, लायसँडर टटलची, खुर्ची वाट पाहून कंटाळली असेल.

माझ्याविरुद्ध उभा आहे होझिया क्रॅब्ट्री, माझा जिवलग दोस्त. न्यायाधीशांच्या मागे गावोगाव फिरणाऱ्या कोर्टात आम्ही दोघे वर्षानुवर्षं एकमेकांच्या उरावर बसत आलोय. दिवसभर कोर्टात एकमेकांना खोटारडा म्हणायचं आणि संध्याकाळी खाणावळीत एकाच खाटेवर पाठीला पाठ लावून झोपायचं, ही आमच्या धंद्याची रीत. होझिया घोरतो. मी घोरत नाही.

१५ जून

भाषण लिहून झालं. अकरा पानं. विषय स्टिलवॉटर ओढ्यावरचा पूल, जो या जिल्ह्याला गेली वीस वर्षं हवा आहे आणि जो सरकारकडून मी आणणार आहे. सुरुवात रोमन लोकांच्या पुलांपासून केली आहे. चार पानं रोमन, दोन पानं ग्रीक, मग मानवजातीचा पाण्याशी असलेला संबंध, आणि शेवटी आमचा ओढा. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.

लव्हायना नेहमीप्रमाणे स्वच्छ प्रत काढून देणार आहे. माझं अक्षर मलाही लागत नाही.

१७ जून

प्रत तयार. तीन पानं भरली. लव्हायनाचं अक्षर फार बारीक आहे, त्यामुळे कागद वाचतो. आणि एवढं बारीक असूनही मला ते चष्म्याशिवाय, हात लांब करून धरलं तरी घडाघडा वाचता येतं. या वयात अशी नजर किती जणांची असते?

२२ जून, ऑटर ग्रोव्ह

विजय! दुसरा शब्द नाही.

होझियाचा घोडा लंगडतोय, म्हणून तो माझ्याच गाडीतून आला. माझी घोडी कॉर्नेलिया दोन उमेदवार ओढून घामाघूम झाली. आधी होझिया तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर चढला आणि मला अर्धा तास शिव्या घातल्या. माझं वाक्य सुरू झालं की गाय वितेपर्यंत संपत नाही, असं म्हणाला. लोक खो-खो हसले. मीही हसलो, कारण माझा दुपारचा डबा त्याच्याकडे होता.

मग मी चढलो. लव्हायनाची प्रत हातात. रोमन लोक कुठे येतात याची वाट बघत वाचत गेलो, पण ते आलेच नाहीत. वाचण्याच्या ओघात माझ्याकडून सुटले असावेत. मात्र एक परिच्छेद असा आला की सगळं मैदान गप्प झालं: 'ओढ्याला पूर आला की दाई पलीकडे अडकते. या गर्दीत अशी घरं आहेत, जिथल्या कोणीतरी अलीकडच्या काठावर उभं राहून रात्रभर तिला हाका मारल्या आहेत.' पुढच्या रांगेतल्या झेब हॉकिन्सने टोपी काढली आणि तोंड फिरवलं. दोन बाया रडल्या.

हे मी कधी लिहिलं ते काही केल्या आठवेना. पण प्रतिभा असणाऱ्यांचं असंच होतं म्हणतात.

लव्हायनाला राजकारणात रस नाही. ती आपली बायकांमध्ये बसून जांभळ्या बोरांचा मुरंबा वाटत होती, कोणाची मुलं किती, कोणाची गाय कधी विते, असलं काहीबाही विचारत. बरं आहे, तेवढाच तिचा वेळ जातो.

२८ जून

कोर्टात आज डुकरिणीचा खटला होता. दोन शेतकरी, एक डुकरीण, दोघेही शपथेवर सांगतात माझीच. तिच्या कानावरची मालकीची खूण कुत्र्याने चावून टाकलेली. होझिया दुसऱ्या बाजूने. काल जेवताना मी विचारात बुडालो होतो आणि लव्हायना शेजारी बसून काहीतरी बडबडत होती, की माणसांना कशाला विचारता, भूक लागेपर्यंत थांबा आणि तिला रस्त्यावर सोडून द्या. मी तिला म्हटलं, अगं जरा गप्प बस, मला सुचू दे. आणि काय आश्चर्य, त्याच क्षणी सुचलं! न्यायाधीशांना विनंती केली, डुकरिणीला सोडा, ती ज्याच्या कुंपणात जाईल तो मालक.

सगळं कोर्ट डुकरिणीमागे चालत गेलं. ती थेट माझ्या अशिलाच्या दारात.

"लेका," होझिया म्हणाला, "हे तुझ्या डोक्यातलं नाही."

"मग कोणाच्या?"

त्याने आमच्या घराच्या दिशेला हॅट उचलली. मत्सर मित्रालाही सोडत नाही.

४ जुलै

स्वातंत्र्यदिन. अख्खा बैल भाजला, तोफ उडवली, आणि माझी फजिती झाली. खरं ते लिहितो, इथे कोण वाचतंय.

लव्हायना बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली, आणि प्रत मी घरी विसरलो. म्हटलं, हरकत नाही, मूळ भाषण मला मुखपाठ आहे. रोमन लोकांपासून सुरुवात केली. दुसऱ्या पुलापाशी मागची रांग भाजलेल्या बैलाकडे सरकली. ग्रीकांपर्यंत आलो तेव्हा समोर तीन म्हातारे उरले होते, त्यातला एक झोपलेला. मानवजात आणि पाणी सुरू केल्यावर होझिया धावत बुंध्यापाशी आला आणि ओरडला, "आग! आग!" सगळे पळाले. आग कुठेच नव्हती.

"कशाला ओरडलास?" मी विचारलं.

"तुला वाचवायला," तो म्हणाला. "माझ्या प्रतिस्पर्ध्याची इतकी वाईट अवस्था मला बघवत नाही. वहिनींना म्हणावं, लवकर परत या."

उकाड्यामुळे लोकांचं लक्ष लागलं नाही, हे उघड आहे.

१३ जुलै

स्टिलवॉटर ओलांडताना गाडी कलली आणि मी पाण्यात. पाणी कमरेएवढंच होतं, हे नंतर कळलं. बुडतोय असं वाटलं तेव्हा मी जिवाच्या आकांताने "लव्हायना!" म्हणून ओरडलो. ती तेव्हा बारा मैलांवर घरी कपडे वाळत घालत होती.

होझियाने कॉलर धरून मला बाहेर ओढलं आणि काठावर लोळून हसला. "देवाचं नाव घेणारे पाहिलेत, आईचं घेणारे पाहिलेत. बायकोला हाका मारत बुडणारा वकील हा पहिलाच!"

सवयच आहे ती. चष्मा सापडेना, लव्हायना. बूट निघेना, लव्हायना. मधमाशी चावली, लव्हायना. त्यात हसण्यासारखं काय आहे?

ओले कपडे होझियाच्या अंगाला लागून त्यालाही सर्दी झाली. रात्री दोघे एकाच खाटेवर शिंकत होतो.

२१ जुलै

आज लव्हायनाने विचारलं, "स्प्रिंगफील्डला विधिमंडळात बायकांना बसायला जागा असते का हो?"

"असते. वरती सज्जा आहे. तिथून सगळं ऐकू येतं."

"सगळं?"

"अगदी शब्दन् शब्द."

तिने हातातली शिवण बाजूला ठेवली. मग म्हणाली, तिथे घालायला एक निळा झगा शिवावा म्हणते. बायकांचं मन कुठे अडकेल सांगता येत नाही. एवढी मोठी राज्यकारभाराची गोष्ट आणि हिला झग्याची पडली आहे. मी म्हटलं, शीव. जेरेडच्या कारखान्यात निळा रंग चालायचा नाही, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

४ ऑगस्ट

उद्या मतदान. आमच्याकडचा रिवाज असा की मतदाराने कोर्टाच्या ओसरीवर यायचं आणि सगळ्यांच्या देखत, मोठ्याने उमेदवाराचं नाव घ्यायचं. दोन्ही उमेदवार तिथेच खुर्च्या टाकून बसलेले असतात. ज्याचं नाव घेतलं त्याने उठून आभार मानायचे, दुसऱ्याने चेहरा सरळ ठेवायचा. आणि सभ्य उमेदवार स्वतःचं नाव कधीच घेत नाही. तो आपलं मत प्रतिस्पर्ध्याला देतो. स्वतःला मत देणाऱ्या माणसाला पुढे आयुष्यभर या जिल्ह्यात कोणी घोडासुद्धा विकत नाही.

होझियाला मत देताना म्हणायचं वाक्य मी तयार केलंय. सिसिलीच्या एका राजाचा त्यात उल्लेख आहे. लव्हायना म्हणाली, "होझिया भावोजींनी तुम्हाला मत दिलं की लगेच उठा आणि त्यांना देऊन मोकळे व्हा. सकाळीच. मला हिशोब नीट कळायला हवा."

तिला हिशोब कशाला कळायला हवा, कोण जाणे. सकाळी ओसरीवर चार कुत्री आणि दोन शेतकरी असतात. असलं वाक्य संध्याकाळच्या भर गर्दीसाठी असतं.

५ ऑगस्ट, सकाळ

नवी कॉलर. न्याहारी गेली नाही. निघतो.

६ ऑगस्ट

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज क्रमाने लिहितो.

होझियाने सकाळी सगळ्यांत पहिलं मत दिलं. हॅट छातीशी धरून म्हणाला, "लायसँडर टटल, कारण त्याच्या बायकोचा स्वयंपाक चांगला आहे." लोक हसले. मी उठून वाकलो आणि पुन्हा बसलो. गर्दीच्या कडेला गाडीत बसलेल्या लव्हायनाने मला हाताने उठा, उठा अशी खूण केली. मी तिला संध्याकाळ, संध्याकाळ अशी खूण केली. तिला ती कळली नसावी, कारण तिने कपाळाला हात लावला.

मग लोक येऊ लागले. अॅमॉस पिकेट कारकून टेबलापाशी टाक घेऊन बसला होता. तिसरा की चौथा मतदार ऑटर ग्रोव्हचा झेब हॉकिन्स.

"मत कोणाला?" अॅमॉसने विचारलं.

"लव्हायनाच्या नवऱ्याला."

अॅमॉसने टाक थांबवला. "नाव घ्या, हॉकिन्स. कायदा आहे."

"नाव तुम्हाला ठाऊक. मला बाई ठाऊक."

"अहो, पण इथे नाव लिहायचंय!"

"मग तिला विचारा की नवऱ्याचं नाव. ती काय तिथेच बसली आहे."

शेवटी झेबच्या तोंडून माझं नाव काढून घेतलं. पण तिथून जणू साथच पसरली. कोणी म्हणे "टटलबाईंचा माणूस," कोणी म्हणे "मुरंब्याच्या बाईचे यजमान." एका म्हाताऱ्याने तर, "ज्या बाईने माझ्या सुनेसाठी दाई आणवली तिचा जो कोण असेल तो," एवढं लांबलचक सांगितलं. अॅमॉसच्या कपाळावर घाम. मी प्रत्येकाला उठून वाकत होतो. माझ्या घराण्याचा लौकिक आता कुटुंबापर्यंत पसरला आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. होझिया मात्र प्रत्येक वेळी खुर्चीत पोट धरून हसत होता.

त्यालाही मतं पडत होती. तो विनोदी माणूस आहे आणि त्याला नातेवाईक फार. दुपारी तो पुढे, चारला मी पुढे, पुन्हा तो. सूर्य कोर्टाच्या छपरामागे गेला तेव्हा अॅमॉसने आकडे मोठ्याने वाचले. दोघांची मतं अगदी बरोबरीची.

"आता कोणी राहिलंय?" अॅमॉसने हाक दिली.

कोणी नव्हतं. हळूहळू सगळे माझ्याकडे वळले. मी राहिलो होतो.

मी उभा राहिलो आणि त्या क्षणी मला सगळं एकदम दिसलं. होझियाचं नाव घेतलं तर मी एका मताने पडतो, आणि ते मत माझं स्वतःचं. माझं घेतलं तर निवडून येतो, पण ज्याने सकाळी हसत हसत मला मत दिलं, मला ओढ्यातून बाहेर काढलं, त्याच्यासमोर या जन्मात बसता येणार नाही. मत न देता बसावं तर मी भित्रा. समोर सगळा जिल्हा. होझिया आता हसत नव्हता. त्याने डोळे खाली घातले होते, मला अवघड होऊ नये म्हणून.

सिसिलीचा राजा डोक्यातून पार पुसला गेला. गाडीत लव्हायना उठून उभी राहिली होती, निळ्या झग्यात. तो कधी शिवून झाला मला माहीतही नव्हतं.

"मत कोणाला, वकीलसाहेब?" अॅमॉसने विचारलं.

आणि ओढ्यात पडताना झालं तेच झालं. तोंडातून शब्द आधी बाहेर पडला, मी मागाहून.

"लव्हायना टटल."

टाक कागदावर पडल्याचा आवाज मला ऐकू आला. मग झेब हॉकिन्सने टोपी हवेत उडवली आणि असा काही गलका झाला की कॉर्नेलिया दावं तोडून पळाली. अॅमॉस टेबल बडवून ओरडत होता, बाई उमेदवार नाही, बाईला उभं राहता येत नाही, मत बाद! होझिया माझ्या गळ्यात पडला. रडत होता की हसत होता, सांगता येत नाही.

मत बाद, म्हणून बरोबरी कायम. अशा वेळी चिठ्ठी टाकतात. आमच्याकडे मक्याचे दोन दाणे घेतात, एक पिवळा माझा, एक तांबडा होझियाचा. माझ्याच हॅटमध्ये टाकले. अॅमॉसने डोळे मिटून हात घातला.

तांबडा.

परत येताना लव्हायना रस्ताभर तोंड फिरवून बसली होती. भर चौकात मी तिचं हसं केलं होतं. मला खूप वाईट वाटलं, कारखान्याच्या वासापेक्षाही जास्त.

८ ऑगस्ट

काल दिवसभर मी पुस्तकं खोक्यांत भरत होतो, व्हिन्सेन्सला न्यायला. कबूल म्हणजे कबूल. रोमचा इतिहास तळाशी घातला, कारण कातडी कमावणाऱ्याला तो कशाला लागतो.

आज सकाळी उठून पाहतो तर लव्हायना खोक्यासमोर जमिनीवर बसलेली, आणि एकेक पुस्तक काढून फडक्याने पुसून परत फळीवर लावतेय.

"हे काय?"

"जेरेडला कळवलं मी, आम्ही येत नाही म्हणून."

"पण मी पडलो."

"पडलात कुठे? चिठ्ठीत गेलात. आणि सकाळी माझं ऐकून मत दिलं असतं तर एक कमी पडतंय हे मला दुपारीच कळलं असतं. आपल्या बाजूचा तो कूपर आजारी म्हणून घरीच राहिला, त्याला मी खाटेसकट उचलून आणलं असतं." तिने रोमचा इतिहास उचलला, हाताने तोलून पाहिला. "दोन वर्षांनी पुन्हा उभे राहा. या रोमन लोकांना मात्र फळीवरच राहू द्या."

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो. म्हटलं, "लोकांसमोर तुझं नाव घेतलं, त्याचा राग आला असेल."

ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसू लागली, त्याच पुस्तकं पुसायच्या फडक्याने.

"अहो, इतक्या वर्षांत तुम्ही केलेलं हे पहिलं भाषण, ज्यात मला काहीच खोडावं लागलं नाही."

खोडावं? मग अकरा पानं आठवली आणि तीन पानं आठवली. दाई आठवली. डुकरीण आठवली. चार जुलैचा तो झोपलेला म्हातारा आठवला. सगळे एकामागून एक येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि माझे कान तापले. पण खरं सांगतो, लाज वाटली त्याहून मला तिचा अभिमान जास्त वाटला, आणि तो आधी का वाटला नाही याचं वाईट वाटलं.

"लव्हायना," मी विचारलं, "म्हणजे तुझं अक्षर बारीक नाही?"

"नाही हो," ती म्हणाली. "चांगलं टपोरं आहे."